चष्मा काढून लिहिलेलं प्रकरण

४ जून

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

शिलाई मशीनच्या दुरुस्तीवरचं माझं पुस्तक कुठवर आलं, असं तू विचारलंस. पहिल्या पानावर आलं आणि तिथेच बसलंय. नऊ वेळा लिहिलं, नऊ वेळा फाडलं. सुरुवात ठरलेली आहे: चौदाव्या वर्षी आईचं बंद पडलेलं मशीन मी कुणालाही न विचारता सुरू केलं, तो प्रसंग. सगळ्या नातेवाइकांना तो तोंडपाठ आहे, पण कागदावर उतरत नाही.

प्रकाशकांनी पहिलं प्रकरण महिनाअखेर मागितलंय. नाही दिलं तर पुस्तक एका पदवीवाल्या इंजिनिअरकडे जाणार. त्या गृहस्थाने आयुष्यात एक बॉबिन भरली असेल तर मी मिशी उतरवीन. तीस वर्षं हात काळे केले मी आणि नाव छापून येणार त्यांचं! तू शाळेत निबंध शिकवतेस, उपाय असेल तर कळव. उपदेश नको, तो इथे तुझी वहिनी पुरवते.

तुझा,
दादा

९ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

उपाय सोपा आहे, म्हणून तुला अवघड जाईल. घड्याळ लावून दहा मिनिटं लिहायचं. पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. काही सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ हेच लिहीत राहायचं. माझ्या वर्गातल्या कोऱ्या वहीवाल्या मुली यानेच लिहित्या झाल्या. लिहिलेलं न वाचता मला पाठव. मीही हसणार नाही, निदान पत्रात नाही.

वहिनीला नमस्कार, तुझ्यावर माया आहेच.

छोटी

१७ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

कागद मिळाला. दोन्हीकडे समास आखलेला, एक खाडाखोड नाही, शेवटी तुझी लफ्फेदार सही. दहा मिनिटांत हे झालं असेल तर मी शाळा सोडते. कच्चं लिहून, तपासून, पक्क्या शाईने उतरवून काढलंस ना? आणि त्यात आहे काय, तर कारखान्याच्या माहितीपत्रकासारखी सहा वाक्यं. तेरा दिवस उरलेत. मला सुबक नकोय, दादा. मला तू हवायस.

रागावलास तरी उत्तर लिही.

छोटी

२१ जून

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तीनदा उतरवून काढलं, कबूल. कच्चा कागद पाठवायचा म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धवट जोडलेलं मशीन देण्यासारखं आहे, माझा हात धजत नाही.

पण काल दुकानात बसलो असताना सुचलं. दुरुस्ती झाल्यावर मी मशीन आधी धाग्याशिवाय चालवतो. शिवण घालायची नसते, फक्त कुठे अडतं ते ऐकायचं असतं. तसंच बसलो. डोळे चुका शोधणारच, म्हणून चष्मा काढून गल्ल्याच्या खणात ठेवला. त्याविना मला स्वतःची अक्षरंही दिसत नाहीत. पहिल्या पानभर ‘सुचत नाही’ आहे. मग हात जिकडे वळला, तिकडे मला जायचं नव्हतं एवढं आठवतं. वाचलेलं नाही. वाचलं तर पाकीट बंद होणार नाही.

जपून उघड.

दादा

२५ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

ओळी एकमेकींवर चढल्यात, पण लागलं सगळं. तुझेच शब्द उतरवते:

“बंद पडलं नव्हतं मी उघडलं होतं आत काय आहे बघायला. परत जोडलं तर टाका पडेना. आईला म्हणालो जुनं झालंय. सुईची चपटी बाजू उलट बसवली होती एवढंच. अकरा दिवस कळलं नाही. अकरा दिवस ती लोकांचे कपडे हाताने शिवत होती आणि बाराव्या दिवशी सगळ्यांना सांगत होती की पोराने मशीन जिवंत केलं.”

आईच्या बोटाला तेव्हा चिंधी असायची. का, ते मला आज कळलं. तिला ठाऊक होतं का, हे आता विचारायला ती नाही. मी रागावलेय का, तर थोडी. पण कागद परत पाठवतेय, कारण पहिलं प्रकरण हेच आहे. त्या इंजिनिअरला हे लिहिता येणार नाही, सुई उलटी बसवायला ते कधी बसलेच नसतील.

पाच दिवस आहेत. टपालात टाक.

छोटी

१२ जुलै

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

दोन दिवस पाकीट फोडलं नाही. मग तुझ्या वहिनीने फोडलं, वाचलं आणि माझ्यापुढे चष्मा आणून ठेवला. मी फक्त विरामचिन्हं घातली, मजकुराला हात लावला नाही. तीस तारखेला स्वतः नेऊन दिलं.

प्रकाशकांनी परवा बोलावलं होतं. म्हणाले, दुरुस्तीची पुस्तकं त्यांच्याकडे ढिगाने येतात, बिघडवण्याचं एकही नाही. इंजिनिअरना नकार कळवलाय. प्रत्येक प्रकरण मी बिघडवलेल्या एकेका मशीनवर हवंय, एकूण बारा. मला वाटलं होतं, एवढी कुठून आणू? काल चष्मा काढून बसलो, तर यादी सतरावर गेली.

दुसरं प्रकरण झालंय. ते छापून येण्याआधी तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंचं मशीन अडकलं आणि तू महिनाभर बोलणी खाल्लीस ना? तुझा हात लागायच्या आदल्या दिवशी मी ते तेल घालायला म्हणून उघडलं होतं.

लोभ कमी होणार, हे धरूनच चाललोय. थोडा शिल्लक ठेव.

तुझा,
दादा