टानियाशेजारची खुर्ची

प्रिय लॉइड,

सकाळपासून कितीदा लिहायला बसले आणि उठले. चहा ठेवते, तो उतू जातो. अंगण झाडते, वारा पुन्हा लाल धूळ आणून टाकतो. नदी पार आटलीय. पुलाखाली नुसतं हिरवं डबकं उरलंय, तरी क्लॅरीकाका रोज गळ टाकून बसतात. मी म्हटलं, "काका, मासे कधीच गेले." तर म्हणाले, "म्हणून तर निवांत बसतोय!" तिकडे मेंढ्यांची कातरणी कशी चाललीय? पाठ धरते का अजून? लायल तिकडून आला तेव्हा म्हणत होता, तू नीट जेवत नाहीस. जेव रे.

तुझी नि टानियाची पोरं बरी आहेत. तुला आधी हेच कळायला हवं असणार. कायराचा पुढचा दात पडला. हसताना जीभ बाहेर काढून दाखवते. धाकटा भिंतीला धरून चालायला लागलाय.

टानिया आमच्या बायकांच्या मदत केंद्रात कशी आली हे तुला कुणी धड सांगितलं नसेल; लोक तिखटमीठ लावतात. ती मदत मागायला आलीच नव्हती. बुधवारी बायका गवताच्या टोपल्या विणायला जमतात, त्यांच्यात येऊन बसली. एवढ्या उन्हाळ्यात लांब बाह्यांचा स्वेटर. कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे आधी चहा देतात, हातात गवताची जुडी देतात. तिची मर्टलमावशी एवढंच म्हणाली, "पोरी, पीळ उलटा पडतोय तुझा," आणि तिचा हात धरून दाखवलं. असे काही बुधवार गेले. मग एकदा सगळ्या उठल्या तरी ती बसूनच राहिली.

मी आधीच सांगून टाकलं, "टानिया, मी लॉइडची बहीण. तुला दुसऱ्या कुणाशी बोलायचं असेल तर मी बाहेर जाते. वाईट वाटणार नाही मला." ती म्हणाली, "तू त्याची बहीण आहेस म्हणून तर आले. ज्यांना तो नुसता जनावर वाटेल, त्यांच्यापुढे मला तोंड उघडायचं नाही." लॉइड, हे मी तिच्या शब्दांत लिहितेय. पुन्हा वाच.

मग तिनं बाही वर केली. तिथं काय होतं ते मी लिहीत नाही; तुला ठाऊक आहे. कायरा बूट घालून झोपते, पळायची वेळ आली तर म्हणून. हे मात्र तुला ठाऊक नसेल. तरी टानिया पोलिसांचं नाव काढू देईना. "ते येतील, घर बघतील आणि पोरं घेऊन जातील." तिची भीती खोटी नव्हती. आपल्या आईला लहानपणी, काळी पोरं गोऱ्यांसारखी वाढवायची म्हणून, सरकारी गाडीत घालून नेलं होतं. म्हातारपणीसुद्धा फाटकाशी अनोळखी गाडी थांबली की ती हातातलं टाकून नातवंडांना मागच्या दारानं बाहेर काढायची. ही भीती आपल्या प्रत्येक काळ्या घरात आहे. टानिया त्या भीतीपायी गप्प राहिली आणि तिच्या गप्प राहण्यावर तुझं निभावत गेलं.

फिलिपा म्हणून एक नवी बाई आमच्याकडे आलीय. गोरी आहे, मनापासून करते. फोनवर फोन करून तिनं सिडनीतल्या निवाऱ्यात जागा मिळवली. टानिया उसळली, "तिथं मला ओळखतं कोण? मी काय केलंय म्हणून मी गाव सोडू?" फिलिपानं फोन खाली ठेवला. म्हणाली, "चुकलंच माझं, आधी विचारायला हवं होतं. तुला जवळ कोण हवंय?" तिथून गाडी रुळावर आली. टानिया आता तिच्या माणसांत आहे. कुठं, ते लिहिणार नाही. बालकल्याणवाल्यांना आम्हीच बोलावलं, पण आधी घरच्या वडीलधाऱ्या बायका ओसरीत बसवून. आलेल्यांनी पोरांची अंथरुणं पाहिली, प्रश्न विचारले, चहा घेतला. मर्टलमावशीची नजर त्यांच्यावरून हलली नाही. ते गेले आणि पोरं राहिली. त्यानंतर टानिया तक्रार द्यायला आपल्या पायांनी पोलिसांत गेली. माझ्या गाडीतून.

हो, माझ्या. लायलकरवी तू विचारलंस ना, "ताईला सांग, टानिया कुठाय ते कळव"? तुला वाटलं, ताई आपलीच. आहेच रे. आई कामावर असायची तेव्हा तुला कडेवर घेऊन फिरले मी. बाप आईवर धावून गेला की एवढासा तू मध्ये उभा राहायचास, हातात तवा घेऊन. आज कायराच्या पुढ्यात तू आपल्या त्या बापाच्या जागी उभा आहेस. हे लिहिलं आणि पुन्हा उठले. आता बसलेय. हे सगळं टानियाला वाचून दाखवूनच पाठवतेय. एक ओळ तिनं खोडायला लावली, ती तिच्यापाशीच राहू दे.

गुरुवारी कोर्टात तू आत येशील तेव्हा मी टानियाशेजारच्या खुर्चीवर असेन. विचारलं तर जे पाहिलं ते सांगेन. दारात पाऊल टाकताक्षणी तुला हे कळावं आणि तू तिथंच मोडून पडावंस किंवा भडकावंस, असं मला नको होतं. म्हणून हे पत्र. तुझ्या बाजूला क्लॅरीकाका बसतील, मीच विनवलंय त्यांना. आधी म्हणाले, "त्याच्या कानाखाली वाजवली तर चालेल का?" मी म्हटलं, "काका, नेमकं तेच बंद करायचंय." मग गळ गुंडाळायला लागले. शेवटी म्हणाले, "शर्टाला इस्त्री करून ठेव माझ्या." शनिवारी ते घरात हात उचलणाऱ्या पुरुषांना घेऊन शेकोटीभोवती बसतात, तिथं तुला नेणार आहेत. तिथं बोलताना बाकीचे रडतात, शिव्या देतात, पण उठून जात नाहीत. तूही जाऊ नकोस. टानिया परत येईल असं मी सांगत नाही. ते तिचं तिनं ठरवायचं. गुरुवारी माझ्याकडे बघवलं नाही तर बघू नकोस. पण ये.

तुझीच ताई,
नरेल