आईशेजारची जागा आणि प्रॉबर्टचा भाव

पिटरॉसी,
सोमवार, स्पर्धा संपल्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप वॉटीदादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (वाकून नाही. कंबर धरली आहे, आणि न्यूझीलंडहून तुला ते दिसणारही नाही.) तुझी छाती आता कशी आहे? डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हटलं असेल तर चढू नकोस, उगाच त्यांना खोटं पाडायला जाऊ नकोस. वहिनी गेल्यापासून तू डब्यातलं खातोस हे मला तुझ्या अक्षरावरून कळतं. संत्र्याचा मुरंबा बोटीने पाठवला आहे, पोचला की बरणी परत पाठवण्याचा शहाणपणा करू नये.

आता मुद्द्याचं. पैज मी जिंकले. आईबाबांशेजारची जागा माझी.

तू म्हणशील कसं, तर नीट सांगते, म्हणजे मागाहून वाद नको. एप्रिलमध्ये कौन्सिलने आपल्या दोघांनाही कळवलं की किनिअर कुटुंबाच्या दफनाच्या तुकड्यात आता एकच जागा शिल्लक आहे. तुझं उत्तर आलं की मी थोरला, मला घरी आणून तिथेच ठेवायचं. माझं उत्तर गेलं की बाविसाव्या वर्षी बोटीत बसलास तो तू, आणि आईला एकोणीस वर्षं अंघोळ घातली ती मी. मग तूच लिहिलंस की बाबांच्या पद्धतीने ठरवू. बाबांनी जन्मभर साहेबलोकांच्या गोल्फच्या काठ्या वाहिल्या आणि घरातला प्रत्येक तंटा गोल्फवर पैज लावून सोडवला, मग तो खिडकीजवळच्या पलंगाचा असो की कुत्र्याच्या नावाचा. जुलैत आपल्या गावी होणाऱ्या गोल्फच्या स्पर्धेतला दोघांनी एकेक खेळाडू निवडायचा, ज्याचा वर राहील त्याचं खरं. तू तुझा तो घोड्याएवढा अमेरिकन टिबेट्स निवडलास. मी एम्रिस प्रॉबर्ट निवडला आणि तू उलट टपाली विचारलंस, 'हा कोण?'

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं. स्पर्धेच्या आठवड्यात मी पश्चिमेची खोली भाड्याने देते, आणि खोलीसाठी त्याचं पत्र आलं होतं. बाकीचे खेळाडू तार करतात, याने सुवाच्य अक्षरात विचारलं होतं की खिडकी पश्चिमेला आहे ना. मी म्हटलं, माणूस वाऱ्याचा विचार करणारा दिसतो, हाच आपला. (आल्यावर कळलं की त्याला मोजे वाळत घालायला संध्याकाळचं ऊन हवं होतं.) वय सेहेचाळीस, गुडघा दुखरा. वेल्समधल्या एका लहानशा क्लबात लोकांना खेळ शिकवतो, हातमोजे विकतो. पात्रता फेरीतून कसा पार पडला ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. सकाळी अर्धा टोस्ट खायचा आणि उरलेल्या अर्ध्याची माफी मागायचा. पण जागेचा प्रश्न होता. मी ठरवलं की हा गडी टिबेट्सच्या वर राहणार, मग त्याची इच्छा असो वा नसो.

पहिली अडचण लम्सडेन बुकीच्या खिडकीची. तो प्रत्येक खेळाडूचा भाव खडूने फळ्यावर लिहून फळा रस्त्याकडे तोंड करून ठेवतो, आणि मैदानाकडे जायला तोच एक रस्ता. मंगळवारी प्रॉबर्टने आपल्या नावापुढे एकाला तीनशे वाचलं आणि रात्री सूपमध्ये चमचा तसाच ठेवून दिला. तीनशे म्हणजे याच्यावर कुणी कुत्रंही पैसे लावणार नाही. मला ते बघवेना. चाळीस वर्षं त्या दुकानावरून पलीकडच्या फुटपाथने गेलेली मी, बुधवारी सकाळी हॅट घालून आत शिरले. तिघांनी सिगरेटी विझवल्या, आणि एकाने टोपी काढली. कुणी वारलं असावं असं त्याला वाटलं.

लम्सडेन म्हणाला, "ग्रिझेलबाई, चुकलात. टपाल कचेरी पलीकडे."

"मला प्रॉबर्टवर पाच पौंड लावायचेत," मी म्हटलं. "त्याने भाव खाली येतो ना?"

"येतो. पण बाई, भाव खाली आणायला कुणी पैसे लावत नाही. जिंकायला लावतात."

मी म्हटलं, तुम्ही तुमच्या धंद्याचं बघा. मग महिला मंडळाच्या नऊजणींना एकेक पौंड लावायला लावला. (पेटिग्रूबाईंनी कुरकुर केली, पण गेल्या वर्षीच्या केकच्या स्पर्धेचं मी अजून कुणाला बोललेले नाही, एवढी आठवण करून दिल्यावर त्याही आल्या.) दुपारी पाद्री चहाला आले आणि खाली बघून विचारू लागले की मंडळ जुगार खेळतं हे खरं का. मी सांगितलं, हा जुगार नाही, ही एक प्रकारची शुश्रूषा आहे. त्यांनी थोडा विचार केला, दुसरं बिस्किट घेतलं आणि भाव किती आहे ते विचारलं. संध्याकाळपर्यंत फळ्यावर एकाला ऐंशी होतं. मला वाटलं, आता गडी छाती काढून चालेल.

गुरुवारी त्याने एकोणऐंशी फटके घेतले. तुझ्या टिबेट्सने एकोणसत्तर. (तुमच्याकडे उलटं मोजत नसतील तर कमी फटकेवाला पुढे.) प्रॉबर्ट घरी आला तो पांढराफटक. म्हणाला, "बाई, कुणीतरी माझ्यावर पैसे लावलेत हो. त्या बिचाऱ्यांची घरंदारं असतील. माझा हातच उचलेना." मी बटाटे सोलत होते. सोलतच राहिले.

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर तिथेच हात टेकले असते, मी टेकले नाहीत ते केवळ आईमुळे. तशीच उठून लम्सडेनकडे गेले आणि भाव परत वर न्या म्हटलं. तो म्हणाला, "भाव मी ठरवत नाही, लोकांची अक्कल ठरवते. आणि आजचा खेळ बघून लोकांना इतकी अक्कल आलीय की तो केव्हाच हजारावर गेलाय." शुक्रवारी सकाळी मी प्रॉबर्टच्या मागे वीस पावलांवर होते. तो फळ्यासमोर थांबला. एकाला हजार वाचलं. मग खांदे सैल सोडून शीळ घालत चालायला लागला. त्या दिवशी त्याने सत्तर फटके घेतले आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी एका फटक्याच्या फरकाने टिकला. (मागे पडलेल्यांना शुक्रवारीच घरी पाठवतात.) रात्री दोन वाडगे सूप प्याला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाकडून कुणी काही अपेक्षा केली नाही तरच तो खेळतो. मी रातोरात सगळ्या गल्लीला ताकीद दिली. शनिवारी तो निघाला तेव्हा पेटिग्रूबाई दारातूनच म्हणाल्या, "दुपारच्या गाडीने चाललात का?" मासेवाल्याने प्रवासात खायला काही बांधून देऊ का विचारलं. पाद्रींनी, या जगात यश हेच सर्वस्व नाही, असं दोनदा सांगितलं. आणि मी, वॉटीदादा, मी त्याची बॅग भरून दारात ठेवत होते. एवढ्या भल्या माणसाशी असं वागणं बरं नव्हे, पण त्याने एकोणसत्तर केले आणि टिबेट्स घसरला.

रविवारी समुद्रावरून वारा सुटला. तुला आठवतो तोच, कपडे दोरीसकट नेणारा. प्रॉबर्टचा खेळ संपला तेव्हा टिबेट्सची खेळायची दोन भोकं उरली होती आणि तो एका फटक्याने आपल्या पुढे होता. मला बघवेना. मी दफनभूमीत जाऊन आईच्या दगडापाशी, मैदानाकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने भिंतीवरून एक चेंडू आला, दोनदा उडाला आणि आईच्या डाव्या हाताला, त्या मोकळ्या जागेत येऊन थांबला. भिंतीपलीकडे गेलेला चेंडू बाद. टिबेट्सला दोन फटक्यांचा फटका. तो स्वतः टोपी हातात घेऊन आत आला आणि म्हणाला, "माफ करा बाई. इथे तुमचं कुणी आहे का?" मी म्हटलं, "आहे. आणि तुमच्या कृपेने आता मीही असेन." तो टोपी घालून भिंतीवरून परत गेला.

प्रॉबर्ट नववा आला, टिबेट्स दहावा. स्पर्धा कुणी जिंकली ते तू पेपरात वाच, मी विचारलं नाही. मंडळाच्या नऊजणी माझ्याशी बोलत नाहीत. घरी येऊन केटली ठेवली, मनापासून आनंद झाला होता, आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून हे पत्र इतकं लांबलं.

तुझी बहीण आणि जागेची मालकीण,
ग्रिझेल किनिअर

ता. क. चेंडू सोबत पाठवला आहे. तुझ्या माणसाचा आहे, तू ठेव.

ता. क. दुसरा. इथली रीत तू विसरला नसशील. पेटी खाली सोडताना डोक्याकडची दोरी घरच्या पुरुषाने धरायची, आणि घरात पुरुष आता तू एकटा. म्हणजे जागा जिंकूनही तू आल्याशिवाय मला ती वापरता येत नाही. तेव्हा पेटीतून येण्याचा विचार सोड आणि पायाने ये. पश्चिमेची खोली ऑगस्टपासून रिकामी आहे. जिना नाही.

ता. क. तिसरा. हे लिहू की नको असं करत पाकीट दोनदा उघडलं. मे महिन्यात मी कौन्सिलच्या कारकुनाकडे जाऊन नकाशा पाहिला होता. जागा एक नाही, दोन आहेत. पत्रात चूक होती. तेव्हाच कळवायला हवं होतं. पण त्याआधीच्या अकरा वर्षांत तुझी चार पत्रं आली होती, आणि पैज लागल्यापासून तीन महिन्यांत अकरा. मग माझ्या हातून कळवायचं राहिलं.

ता. क. शेवटचा. त्या दोन जागांपैकी एक भिंतीच्या आडोशाला आहे, दुसरीला सगळा वारा लागतो. आडोशाची कुणाची, ते पुढच्या जुलैत ठरवू. तुझा खेळाडू निवडून ठेव, पण टपालाने कळवू नकोस. इथे येऊन सांग.