दुसऱ्या दिवशीचा फोन

प्रिय चिंगे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. माझं डॉक्टरी अक्षर लावता लावता निदान चार शिव्या तरी घालशील. क्लिनिकमध्ये आत्ता जरा उसंत आहे. बाहेर एक पोरगं नाकात मणी घालून आलंय आणि भोकाड पसरून बसलंय. सिस्टर म्हणतात, आधी रडून दमू दे, मग हात लावू. तोवरचा वेळ तुझा.

बाबा तुझ्याकडून परत आले. काय म्हणाली, असं विचारलं तर म्हणाले, चहा चांगला केला होता. खोदून विचारल्यावर कळलं की तुझ्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो त्यांनी दुरुस्त केला, तू शेजारी उभी राहून पाना हातात देत होतीस, आणि दोघांपैकी कोणीही अवाक्षर काढलं नाही. एवढा प्रवास करून माणूस नळ दुरुस्त करून आला. मी चिडले खरी, पण मी गेले असते तर तेवढंही झालं नसतं. मी बोलत सुटले असते आणि तू आतल्या खोलीत जाऊन बसली असतीस.

तुझ्या डीनबाईंचाही फोन आला होता. सत्र सुरू होईपर्यंत कॉलेजातली तुझी शिकवायची जागा राखून ठेवतील. तोवर तू हजर झाली नाहीस तर ती दुसऱ्या विभागाकडे जाईल, आणि एकदा गेलेली जागा परत मिळत नाही, असं त्या सरळ म्हणाल्या. मी नुसतं हो हो केलं. यापुढे एकही मूल तपासणार नाही असं तू म्हणतेस, हे तुझ्याकडच्या सिस्टरनी मला सांगितलंय. ते डीनबाईंना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

आपलं डॉक्टरांचं मंडळ सुरू झालं तेव्हा तू शाळेत होतीस. रविवारी दुपारी, इथेच, लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही गुडघे छातीशी घेऊन बसायचो. मोठ्या हॉस्पिटलवाल्यांच्या लेखी आम्ही सर्दीखोकलावाले आणि फॅमिली डॉक्टरांच्या लेखी त्यांचे पेशंट पळवणारे. तापाने फणफणलेलं, कपाळ फुटलेलं, धाप लागलेलं पोर आमच्याकडे तासभर असतं, मग घरी तरी जातं नाहीतर हॉस्पिटलात तरी. पुढे त्याचं काय झालं हे आम्हाला कोणी सांगत नाही. त्या न कळण्याचाच मला कंटाळा आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी फोन करायची सवय मी स्वतःला लावून घेतली. मंडळात सगळ्यांनी टिंगल केली, मग एकेकाने गुपचूप तेच सुरू केलं. तू तर बाहुलीच्या कानाला चमचा लावून माझ्या आवाजात विचारायचीस, काल आलेलं बाळ आज कसं आहे.

पुढे डॉक्टर झाल्यावर तूच आम्हाला म्हणालीस की या फोनांतून जे कळतं तीही विद्या आहे, ती गोळा करून मांडली पाहिजे. आम्हाला कुठलं सुचायला. मंडळातल्या आपल्या काटेकोर डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं, आणि लेख छापून आला तेव्हा तो केस कापणाऱ्यालाही वाचायला दिला. आमच्या या मधल्या कामाचं शिक्षण द्यायला कॉलेजने पहिल्यांदाच एक जागा काढली आणि तिथे तुझी नेमणूक झाली, त्या रविवारी मंडळातल्या प्रत्येकाला आपलीच पोरगी कामाला लागल्यासारखं वाटलं. आता नव्याने डॉक्टर होणाऱ्या पोरांना कोणीतरी हे काम नीट शिकवेल, आपल्यासारखं चाचपडत शिकावं लागणार नाही, असं सगळे म्हणत होते.

त्या बाळाबद्दल तुझ्या सिस्टरनी मला सगळं सांगितलंय. ताप होता, एकदा उलटी झाली होती. तुझ्यासमोर ते पाणी प्यायलं, तुझा स्टेथोस्कोप ओढून हसलं. तू त्याची मान वाकवून बघितलीस, अंगावर पुरळ शोधलंस, कशाकशावर लक्ष ठेवायचं ते त्याच्या आईला समजावलंस आणि घरी पाठवलंस. सकाळी सवयीने फोन लावलास. त्याच्या वडिलांनी उचलला. मेंदूज्वर होता. बाळ पहाटेच गेलं होतं. तू विचारलंस त्याचं त्यांनी उत्तर दिलं आणि थँक्यू म्हणून फोन ठेवला.

मीही त्या बाळाला घरीच पाठवलं असतं. हे लिहून काही उपयोग नाही हे मला कळतं. तुलाही ते ठाऊक आहे आणि तरी बाळ काही परत येत नाही.

परवाच्या रविवारी मंडळ जमलं. तुझ्या जागेचा विषय कोणीच काढला नाही. काटेकोर डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि घरी पाठवलेल्या एका मुलीबद्दल सांगितलं, तुझ्या जन्माच्याही आधीच्या. इतक्या वर्षांत आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मग दुसऱ्याने सांगितलं, मग मीही. चहा तसाच राहिला. इतकी वर्षं एकत्र बसून आम्ही बहुतेक बऱ्या झालेल्या मुलांच्याच गोष्टी सांगत होतो, हे तेव्हा ध्यानात आलं. जाताना सगळ्यांनी मला एकच विचारलं, आपण चिंगीसाठी काय करायचं. दुसऱ्यांच्या लेकरांना काय द्यायचं ते मला झोपेतही सांगता येतं, आणि इथे मी हात टेकले.

मणी निघाला. पोरगं आता तोच मणी परत मागतंय आणि त्याची आई त्याच्यावर ओरडता ओरडता हसतेय. उद्या सकाळी त्यांनाही फोन करीन.

तुला वाटत असेल, आई रोज फोन करते ती कॉलेजबद्दल बोलायला. परत जा असं म्हणायची मला हिंमत नाही, जाऊ नकोस असंही म्हणवत नाही. क्लिनिक उघडलं की यादीतल्या सगळ्यांच्या आधी मी तुझा नंबर लावते, कारण माझंही एक लेकरू आजारी आहे, लांब आहे, आणि त्याच्या कपाळाला मला हात लावता येत नाही. काल कशी होतीस ते बाबांनी पाहिलं. आज कशी आहेस, एवढंच मला विचारायचं असतं. उत्तर वाईट असलं तरी सांग. मी थँक्यू म्हणून फोन ठेवणार नाही.

तुझीच,
रोज सकाळी नंबर फिरवणारी
आई