बांधावरची भिमी

मुरबाड,
१४ सप्टेंबर २००३

प्रिय अक्षदा,

तुझ्या आईचा फोन आला होता. शेजारच्या दुकानात, म्हणजे सगळ्या आळीने ऐकला. नोकरी सोडतेस म्हणे. राजीनामा लिहून तयार ठेवलायस, सापगावला दिवसभर खाटेवर पडून असतेस आणि जेवायला बोलावलं की भूक नाही म्हणतेस. वहिनीने मला गळ घातली, तुम्हीच समजवा, ती तुमचं ऐकते. मी म्हटलं, ऐकत असती तर नर्स झाली असती का? मास्तरीण हो म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. तर हे पत्र तुला रागे भरायला नाही. थोडी रागावेन, कारण आत्या आहे आणि सगळी उमर ह्याच आरोग्य खात्यात पाय झिजवलेत. पण शेवटपर्यंत वाच, मध्येच उशीखाली सारू नकोस.

आधी माझी खबर. गणपती गेले, गौरी गेल्या, घर मोकळं झालंय. गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण चालू देतो. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, मी प्रशिक्षणं घ्यायला शहापूरला जाते. एसटी चुकली तर जीपमध्ये कोंबून घेते, आणि खरं सांगू, मजेत आहे. जूनच्या तुकडीत तूही होतीस. नर्सबाया, अंगणवाडीच्या सेविका, मास्तर आणि एक हवालदार. जी मुलं नीट बोलू शकत नाहीत, ज्यांना आपण मतिमंद म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवतो, त्यांना कोणी छळत असेल तर ते ओळखायचं कसं, हे शिकायला सगळे बसले होते. त्यातले अर्धे घड्याळाकडे बघत होते आणि हवालदार तर डोळे मिटून होता. असं मूल एकाएकी जेवेनासं झालं, अंथरूण ओलं करायला लागलं, कोणाला बघून लपायला लागलं, तर तुम्ही काय म्हणता, असं मी विचारलं. सगळी खोली एका सुरात म्हणाली, बाई, ती मुलं तशीच असतात. तू एकटी गप्प होतीस आणि माझ्याकडे टक लावून बघत होतीस. तेव्हाच मला वाटलं, ही पोरगी काहीतरी घोळ घालणार.

आणि घातलास. लसीकरणाच्या दिवशी तुझ्या कामाच्या वाडीतल्या सगळ्या बाया अंगणवाडीत जमलेल्या. रखमी धाकट्याला टोचून घ्यायला आली, बरोबर तिची थोरली भिमी, आठ-नऊ वर्षांची, आई आणि भात सोडून फारसं काही न बोलणारी. तिच्या घोट्याभोवती तुला काळपट वळ दिसला. तू गुडघे टेकून बसलीस आणि त्या पोरीला विचारलंस, दुखतं का गो. इथवर सगळं चांगलं केलंस. मग उठलीस आणि भरल्या अंगणवाडीत रखमीला विचारलंस की हिला बांधून मारता का. तिने धाकट्याला काखोटीला मारलं आणि न टोचताच निघाली. जाताना म्हणाली, "आमी आमच्या पोरी बांधू नाय तर सोडू, तुमी कोन इचारनारी?" त्यानंतर वाडीत तुला कोणी पाणी विचारेना, कोणी पोरं टोचायला आणीना, वर तक्रार गेली आणि तू रजा टाकून घर गाठलंस. असं चारचौघींत विचारतात का गं? आईला बाजूला घ्यायचं, बसायला सांगायचं, आधी तिचं ऐकायचं, हे त्याच खोलीत बोललो होतो आपण. पण तुझ्या वयात राग आला की बाकी सगळं विसरायला होतं. झालं माझं रागावणं.

पुढचं तुला ठाऊक नाही, कारण ते तू गेल्यावर घडलं. मला खुद्द रखमीने सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून. पोरीला ती बांधत होती, हे खरं आहे. भाताच्या आवणीच्या, लावणीच्या दिवसांत घरातलं माणूस न् माणूस चिखलात असतं. भिमी उठून चालायला लागली की थांबत नाही आणि घराच्या खालच्या अंगाला ओढा भरून वाहतो. म्हणून जुन्या लुगड्याचा काठ तिच्या पायाला आणि दुसरं टोक घराच्या मेढीला, मधल्या खांबाला. त्या वाडीत कितीतरी आयांनी हेच केलंय. बरं नव्हे ते, पण त्यात दुष्टावा नाही, पोर वाहून जाऊ नये एवढंच आहे. तेही सकाळपुरतं. दुपारी तिच्यापाशी, उन्हाळ्यापासूनच, धाऊ असायचा, रखमीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, घरी बसून टोपल्या विणणारा. भला माणूस, असं सगळी वाडी म्हणायची. दुसऱ्याच्या अशा पोरीवर कोण फुकटात लक्ष ठेवतो? रखमी त्याला रोज भाकरी द्यायची आणि वर दुवाही द्यायची.

उन्हाळ्यात भिमीच्या मांडीच्या मागे बारीक गोल डाग दिसले होते. धाऊ म्हणाला, पोर फार भटकते म्हणून भगताकडे नेली, त्याने डाग दिले. तान्ह्याचं पोट फुगलं की भगत तापल्या सळईने पोटावर डाग देतो, त्यावरून तू वाडीत किती डोकं फोडलंस हे मला माहीत आहे. रखमीला त्यात वावगं वाटलं नाही. उलट भगताला दे म्हणून तिने धाऊच्या हाती एक कोंबडी दिली. त्यानंतर भिमी जेवेनाशी झाली, रोज अंथरूण ओलं करायला लागली. सासू म्हणाली, ती तशीच. शेजारीण म्हणाली, ती तशीच. मग आईलाही तसंच वाटायला लागलं.

आणि मग तू तिला भर बायांत विचारलंस. रखमी अशी पेटली की दुसऱ्या दिवसापासून तिने भिमीला घरी ठेवलीच नाही. बघू दे साऱ्या वाडीला मी पोरीला कशी ठेवतय ते, म्हणाली. खाचराच्या बांधावर पानांचं इरलं तिरकं टेकवून त्याच्या आडोशाला भिमीला बसवली, पाय मोकळा. आवणीच्या ओळीतल्या बाया आळीपाळीने मान वर करून बघायच्या. पहिले दोन दिवस भिमी सारखी उठून पळायची आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. मग रखमीने तिच्यापुढे चिखलाचा गोळा टाकला, तो तिला आवडला आणि ती बसायला लागली. थोड्या दिवसांत ती आईच्या डब्यातलं खाऊ लागली. अंथरूण कोरडं राहू लागलं. बाया गाणं म्हणायला लागल्या की ही मागून आपलं काहीतरी हं हं करायची. रखमी मला म्हणाली, "बाई, माझी पोर परत आली तवा मला कळला का ती गेली व्हती." अक्षदा, इतकी वर्षं मी हे शिकवतेय, पण हे ऐकून मला चहाचा कप खाली ठेवावा लागला.

आवणी संपत आली तेव्हा एक दिवस धाऊ बांधावर आला. बायांशी दोन शब्द बोलला आणि विडी पेटवायला त्याने काडी ओढली. भिमी इरल्याखालून निघाली ती चिखलातून रांगत येऊन आईच्या लुगड्यात शिरली आणि तिथेच मुतली. रखमीच्या हातात रोपांची जुडी होती. ती म्हणते, मी खाली वाकून जुडी लावत राहिले, नाहीतर ती त्याच्या तोंडावर मारली असती आणि तो सावध झाला असता. संध्याकाळी ती तडक भगताकडे गेली. तो म्हणाला, "ही पोर माझ्याकडं कदी आलीच नाय. आनि मांडीच्या मागं डाग कोन देतो?" कोंबडीही त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

नर्सबाईची आत्या मुरबाडला राहते एवढं तिने कुठून तरी काढलं आणि भिमीला घेऊन सकाळच्या गाडीने माझ्या दारात. मी त्या दोघींना आधी डॉक्टरकडे नेलं, मग पोलिसांत. तिथे जबाब घ्यायला कोण असावा? आपला जूनमधला हवालदार. पण त्या माणसाने खोलीतली गर्दी बाहेर काढली, स्वतः जमिनीवर बसला, आपली टोपी भिमीला खेळायला दिली आणि रखमीला म्हणाला, घाई नाही, ती दाखवेल तेव्हा दाखवेल. डोळे मिटून का होईना, ऐकत होता म्हणायचा. भिमीने दाखवलं. धाऊ आता आत आहे. पोर एका जागी बसावी म्हणून केलं, असं सांगतो. खटला चालेल तेव्हा चालेल, डॉक्टरांनी ते डाग विडीचे चटके म्हणूनच लिहिलेत आणि भगतही साक्षीला तयार आहे. भिमी आई शेतावरून येईपर्यंत अंगणवाडीत बसते. मेढीचा काठ रखमीने सोडून टाकला. सेविका कुरकुरते, पण तिला दोनदा खिचडी वाढते. मी परवा गेले होते, माझ्या पदराला चिखलाचे दोन हात पुसून मिळाले.

आता खरं सांगते. हे पत्र मी तुझ्या आईच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात शहापूरला नवी तुकडी बसणार आहे. तिथे येऊन हे सगळं तुझ्या तोंडाने सांगशील का, असं मी रखमीला विचारलं होतं. काल आली, येते म्हणाली, पण शेजारी तू पाहिजेस. मी म्हटलं, ती तुला घाबरते गं, तिला वाटतं तू अजून रागावलेली आहेस. तर म्हणाली, "रागावलेली हायेच. तिनं मला चारचौघींत इचारला. आता मी बी चारचौघींत सांगनार, का माझ्या पोरीला दुखतं का म्हनून इचारनारी ती पयली." मग पायरी उतरली, परत वळली आणि मला दम दिला, लिहा तिला, आजच लिहा. मी आळस केला आणि एक दिवस उशीर झाला, तेवढं तिला सांगू नकोस.

तुम्हा दोघींची जागा पहिल्या रांगेत धरून ठेवणारी,
तुझीच,
देवकीआत्या