डावीकडे वळणारी नळी

४ मार्च
पोचले बाई एकदाची! रायफलींच्या या कारखान्यात मामाने मला नोकरी लावून दिली. बाबा गेल्यापासून तोच आमचं सगळं बघतो. इथे तो चाचणी विभागाचा प्रमुख. साहेबांची भाची म्हणून सगळे मला जरा जास्तच जपतात, हसूच येतं. रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, चाप दुरून बटणाने ओढतात. मी नळीच्या पुढे, डावीकडच्या खोलीत, जाड काचेमागे, कॅमेऱ्यापाशी. माझ्या जागी आधी असलेली मुलगी लग्न होऊन गेली म्हणे.

८ मार्च
या रायफलीची गॅसची व्यवस्था नुकतीच बदललीय. गोळी सुटताना नळीतला थोडा वायू एका छिद्रातून दट्ट्याला ढकलतो आणि पुढची गोळी आपोआप भरली जाते. आता छिद्र मोठं, दट्ट्या जड. त्याच्या हिसक्याने नळी छडीसारखी थरथरते आणि नेम डावीकडे जातो. मामाला चित्रण दाखवलं. त्याने सगळ्यांदेखत पाठ थोपटली. दिवसभर हवेत होते मी!

१३ मार्च
जुना दट्ट्या परत बसवून पाहिला. नेम आणखीच डावीकडे. चित्रण अगदी हळू चालवून पाहिलं, तर नळी चाप ओढायच्या आधीच वळते. वायू नाही, हिसका नाही, तरी. मामा म्हणाला, डोळे शिणलेत तुझे.

१५ मार्च
आज रायफल रिकामी होती. मीच तपासली होती. खुर्ची जरा सरकवली, तर नळीचं तोंडही सरकलं. माझ्याकडे.

१६ मार्च
म्हाताऱ्या फिटरकाकांना खोदून खोदून विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग ढसाढसा रडले. आधीची मुलगी कुठेच गेली नाही. याच काचेमागे, गळ्यात गोळी— त्यानंतर नळी एकदम सरळ मारायला लागली. गॅसचा बदल केला तशी पुन्हा वळवळू लागली. आणि त्याच आठवड्यात मामाने मला बोलावून घेतलं.
मामाला तोंडावर विचारलं. डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. तुझं सामान आवर, उद्या घरी सोडतो. मला खरं वाटलं. मामाच तो.

१७ मार्च
काचेमागच्या खोलीतलं सामान घ्यायला आले. बाहेरून कडी. दार ठोठावून हात सोलले—
भोंग्यातून मामाचा आवाज आला, अगदी मायेचा: "हलू नकोस, पोरी. पटकन होईल."
खाली बसले. नळीही खाली झुकली.
मामा, आईनेच तुला लहानाचं—