तुकडा सोडून बांधलेलं गाव

२ जून २००७
मी बोलून राहिली, नातसून मीना लिहून राहिली. शिव्यापण लिही म्हटलं. ऐकत नाही.
आज बोअरिंगवर तमाशा. सगुणा, तुकड्यात दिलेली माझी पोरगी, तिथून पाण्याची गुंड घेऊन आली. पुतण्या भोजराज आडवा. "हमारे बोअरिंगचं पाणी नोको नेऊ. तुमच्या एमपीत जा. आन् इथं मराठीतच बोलायचं, समझे?" शहाणा! याले लहानपणी कडेवर घेऊन फिरली ती सगुणाच. रिकामी गुंड घेऊन गेली पोरगी.

३ जून
मीनाले तुकडा समजत नाही. माझ्या लग्नाआधी नदी सरकली, पलीकडची जमीन अलीकडे आली. कागदावर मध्य प्रदेश, चारी बाजूंनी आमच्या धानाच्या बांध्या. दहा-बारा घरं. आमच्यासारखेच पोवार, थोडे गोंड. पाण्याले इकडं नाही येतील तर काय उडून जातील?

७ जून
उद्या गावबांधणी. पेरणीआधी बैगा, आमचा गावपुजारी, गावाभवती दोर फिरवतो, रोगराई बाहेर राहते. गावचं सारं माणूस दोराच्या आत पायजे. त्या दिवशी कोणी ओलांडला तर बांधणी तुटली, पुन्हा बांधा. दोर आजवर तुकड्याभवतीपण जायचा. भोजराज म्हणे, "दुसऱ्या राज्याले आपण कायले बांधाचं?" बैगा खाली मान घालून. पंचपण. थू!

८ जून
बांधलं. तुकडा बाहेर. आधी हसली, मग अंगाची आग झाली. गावदेवी मातामायचं ठाणं तुकड्यात आहे! जिच्या नावानं गाव बांधलं, तिलेच रोगराईसंगं बाहेर ठेवलं. एकाच्याही ध्यानात नाही. लुगडं खोचलं, दोर ओलांडला. भोजराज बोंबलत आला, "मोठीमाय, बांधणी तुटली ना!"
तुटू दे.

९ जून
मातामायपाशी बसली आहो. मीना इथंच आली लिहायले. भोजराज, पंच, बैगा दोरापलीकडे उभे. भोजराज म्हणे,
"मोठीमाय, घरी चल. तू आल्याबिगर बांधता येत नाही. पेरणी अडली."
"मी गावातच आहो."
"हे एमपी आहे!"
"मातामायले सांग. मराठीत सांगजो."
बैगा हळूच म्हणे, यंदाचा दोर आखूड आणला, तुकड्याले पुरत नाही आजी. लांब आणा म्हटलं.
पाय सुजले. सगुणाची गुंड अजून रिकामी, डबक्याचं पाणी गाळून पिऊन राहिलो. भोजराज तरातरा गावाकडे गेला. दोर आणायले गेला का काठी, इथून दिसत नाही.