डॅशबोर्डवरची भेग

२ मार्च
बसली नाही! तपासणीला न्यायचं होतं. चाकाची खुर्ची गाडीपाशी लावली, दार उघडलं, तर हिने डाव्या हाताने दाराची कड धरली ती सोडेचना. लेक म्हणाली, "बाबा, घाबरलीय ती." घाबरली कसली! हिची नजर डॅशबोर्डवर होती. त्या भेगेवर. शेवटी टॅक्सी करून गेलो.

गाडी माझ्या तरुणपणची. ही तिला 'माझी सवत' म्हणायची. एकदा गिऱ्हाइकाचा रेशमी झगा पोचवायला निघालो होतो. हिने तो डॅशबोर्डवर ठेवला आणि उचलताना भेगेच्या वळलेल्या कडेत अडकून टरकन फाटला. हिने रात्रंदिवस खपून शिवलेला! "अहो, ही भेग बुजेपर्यंत मी या गाडीत पाय ठेवायची नाही." नाहीच ठेवला. मी आपला 'बघू, बघू' करत राहिलो. मग झटका आला, उजवा हात गेला, बोलणं गेलं. साधं 'अहो'सुद्धा नाही.

पण भेग आठवतेय, म्हणजे ही आत आहे अजून. रागासकट आहे!

५ मार्च
कुशनवाल्याकडे जाऊन आलो. नवं व्हिनाइल चढवायचं तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल म्हणे. त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मी पाणी मागितलं. "नाहीतर काका, वरून प्लॅस्टिकचं कव्हर चिकटवा. कुणाला कळतंय?"

हिला कळेल. कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करून शिवण बघणारी बाई ही. मीच करतो.

६ मार्च
आधी साबणाचं पाणी, मग स्पिरिट. भेगेच्या कडा वर वळून कडक झाल्यात, त्या ब्लेडने तिरक्या कापल्या. आतल्या फोमला हात लावला की भुगा. एक ब्लेड मोडलं, एक बोट कापलं.

९ मार्च
पत्र्याचे पोचे भरायची पुट्टी घरात पडून होती, तीच भरली. घासून गुळगुळीत केली. काय खूश होतो! दुपारचं ऊन लागलं आणि पुट्टीच्या कडेने नवी भेग. एकीच्या दोन झाल्या!

रंगाचा दुकानदार हसायलाच लागला. "काका, व्हिनाइल उन्हात फुगतं, आकसतं. त्यात तुम्ही दगड भरलात! बंपरला लावतात ती रबरासारखी भर न्या." नेली. स्वस्त आहे. आता सगळी पुट्टी खरवडायची.

११ मार्च
बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. चित्रं दाखवली — कप, मांजर, घड्याळ. ही भिंतीकडे बघत बसली. मी त्यांना दाराची गोष्ट सांगितली, अगदी उत्साहाने. त्यांनी ऐकून घेतली. मग हळूच म्हणाल्या, "काका, त्या प्रत्येक दाराला धरतात. हात तसा वळतो त्यांचा. तुमच्या लक्षात नाही आलं?"

१२ मार्च
बघितलं. न्हाणीघराचं दार — धरलं. स्वयंपाकघराचं — धरलं. कपाटाचंसुद्धा धरलं.

भेगबिग काही नाही. मी एक मूर्ख म्हातारा.

१३ मार्च
गाडीकडे फिरकलो नाही.

१७ मार्च
बाई पुढच्या महिन्यापासून यायच्या नाहीत. "एवढे दिवस एकही शब्द नाही, काका. उगाच आशा लावणं मला बरं वाटत नाही." त्यांचं चुकलं असं नाही. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ती गाडीही विकून टाका आता."

खाली गेलो आणि पुट्टी खरवडत बसलो. आशा वगैरे काही नाही. उकरलेलं तसंच टाकून गाडी कुणाला दाखवणार?

२० मार्च
भर बसली. पातळ थर, वाळवायचा, घासायचा, पुन्हा थर. उन्हात ठेवून पाहिलं — फुटलं नाही. आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

हिच्या शिवणकामाच्या खोलीत घासकागद शोधत होतो. मशीनवर चादर टाकलेली. या खोलीत हाताखालच्या मुली हिला चळचळा कापायच्या. ही शिवणीवरून बोट फिरवायची, एका जागी थांबायची आणि म्हणायची, "वाकडं. उसवा." झालं! अख्खी बाही उसवायची. कौतुक कधी केल्याचं आठवत नाही. माझंही नाही. आज ते बोलणं ऐकायला मिळावं म्हणून मी काय दिलं नसतं!

२१ मार्च
व्हिनाइलवर कातडीसारखी बारीक नक्षी असते, ती भरीवर कुठून आणायची? हिची जुनी रेक्झिनची पर्स आठवली. तशीच नक्षी! चिकटू नये म्हणून पर्सला तेल चोळलं आणि शेवटचा थर ओला असताना दाबली. उचलताना पर्स सरकली. मधोमध नक्षी तिरकी गेली.

पुन्हा करायचं त्राण नाही. राहू दे.

२२ मार्च
तपकिरी रंग मारला. लांबून खपून जातं. जवळून तिरकं दिसतं. पण जवळून बघणारी आता कोण आहे?

२३ मार्च
उद्या तपासणी. गाडीनेच नेतो. टॅक्सीवाल्यांनी नाकी नऊ आणलेत, म्हणून. दुसरं कारण नाही.

२४ मार्च
दार धरलंच. एकेक बोट सोडवून बसवली. लेक मागे बसली. मी किल्ली लावतोय, तेवढ्यात हिचा डावा हात वर गेला. डॅशबोर्डवर. बुजवलेल्या भेगेवरून बोट सावकाश फिरवत नेलं आणि मधोमध थांबली. नख टोचलं.

"वाकडं."

मी किल्ली सोडली. लेकीने मागून माझा खांदा धरला. हिने माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घालून.

"उसवा."

तपासणीला उशिरा पोचलो. येताना ब्लेडं घेतली.